एकाहत्तरावे पान

एप्रिलअखेर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तेंदूचा हंगाम लागतो. पहाटे अंधारात घर सोडायचे, ऊन चढायच्या आत पाने खुडून परतायचे आणि मग दुपारभर सावली सापडेल तिथे बसून पुडकी बांधायची. महाराष्ट्रात एका पुडक्यात ७० पाने, आणि अशी १००० पुडकी म्हणजे एक प्रमाण गोणी. सीमेपलीकडे छत्तीसगडात तेच पुडके ५० पानांचे. बांधणाऱ्या बायकांची बोटे इतकी सरावलेली असतात की गप्पा चालू असतानाही मोजणी चुकत नाही.

७० ही हिशेबाला सोयीची संख्या आहे. दोन ढिगांत ३५-३५, पाच ढिगांत १४-१४, सात ढिगांत १०-१०, कशीही वाटा. तिच्यात एक पान वाढवले की सगळी सोय संपते. ७१ पानांचे सारखे ढीग करता येत नाहीत. दोनाचे नाही, तिनाचे नाही, पाचाचे नाही, साताचेही नाही. एक तर ७१ पानांचा एकच ढीग, नाहीतर एकेका पानाचे ७१ ढीग. शाळेत आपण हिला मूळ संख्या म्हणतो.

हा गुण मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मराठीत मोठ्या आणि गमतीदार संख्यांचा विषय निघाला की देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर आणि त्यांचा ६१७४ हा स्थिरांक आठवतोच. पण कापरेकरांचे अंगण दशमान लेखनाचे होते. अंक उलटेसुलटे मांडायचे, वजा करायचे, त्यातून चमत्कार शोधायचे. दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीने मोजायला लागलो की ६१७४ची जादू उरत नाही. ७१चे तसे नाही. पाचाने मोजा, कोडीने मोजा, बाराने मोजा, बोटांवर मोजा नाहीतर खडे मांडून मोजा. त्या पानांचे सारखे ढीग कुठल्याही भाषेत होणार नाहीत.

आता ७१च्याच जातीची, पण बरीच मोठी एक संख्या पाहू:

५७८९६०४४६१ ८६५८०९७७११ ७८५४९२५०४३ ४३९५३९२६६३ ४९९२३३२८२० २८२०१९७२८७ ९२००३९५६५६ ४८१९९४९

ही ७७ अंकी मूळ संख्या आहे. थोडक्यात लिहायची तर २चा २५५वा घात वजा १९. ही गडचिरोलीत आहे असे म्हटले तर थट्टा वाटेल, पण ती खरोखरच आहे. एटापल्लीच्या बाजारात, भामरागडच्या बसथांब्यावर, सिरोंच्यात प्राणहितेच्या काठावर, ज्याच्या खिशात व्हॉट्सॲप असलेला फोन आहे त्याच्या फोनात ती आहे. मुंबईच्या मंत्रालयात आहे आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरातही आहे. सगळीकडे अंकन् अंक तीच. तेंदूच्या लिलावात कुठल्या ग्रामसभेला काय दर मिळाला, बोनस कधी निघणार, पर्लकोटा नदीला पूर आल्याने रस्ता बंद आहे की सुरू, ही बातमी एका फोनातून दुसऱ्यात जाते तेव्हा तिला झाकून नेणारी किल्ली याच संख्येच्या भागाकारांतून घडलेली असते. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६मध्ये सगळ्या संदेशांना हे कवच दिले. भामरागडात पावसाळ्यात टॉवर बंद पडला की संदेश जात नाही, ती गोष्ट वेगळी. त्यावर कुठलीही मूळ संख्या उपाय करू शकत नाही.

ही संख्या निवडली अमेरिकी गणिती डॅनिएल बर्नस्टाइन यांनी. २००६च्या शोधनिबंधात त्यांनी निवडीची कारणे उघडपणे लिहून ठेवली आहेत. त्यांना अशी मूळ संख्या हवी होती जी २च्या एखाद्या घाताला अगदी चिकटून असेल आणि २५६ बिटांच्या किंचित आत बसेल. त्यांच्यापुढे सहा उमेदवार होते: २च्या २५५व्या घातात ९५ मिळवून, १९ वजा करून किंवा ३१ वजा करून मिळणाऱ्या तीन, २५४व्या घातात ७९ मिळवून एक, आणि २५३व्या घातात ५१ किंवा ३९ मिळवून दोन. यांत १९ सर्वांत लहान म्हणून ती निवडली. अब्जावधी माणसांच्या खासगी बोलण्याचा पाया ठरलेल्या निवडीचे कारण इतके साधे, आणि ते साधे आहे म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. कुणी बंद खोलीत बसून एखादी विचित्र संख्या काढून दिली असती तर तिच्यात चोरवाट ठेवली आहे का, ही शंका कायम राहिली असती.

पण घाताला चिकटून असण्याचा फायदा काय? भागाकार सोपा होतो. १२३४ला ९७ने भागून बाकी काढायची आहे. ९७ म्हणजे १०० वजा ३, म्हणून प्रत्येक शंभरामागे ३ उरतात. १२ शेकड्यांचे ३६, त्यात वरचे ३४ मिळवले की ७०. झाली बाकी, भागाकार न करता. फोनच्या पोटात सगळे हिशेब २च्या घातांत चालतात, म्हणून तिथे १००च्या जागी २चा २५५वा घात येतो आणि ३च्या जागी १९. संख्या कितीही मोठी झाली तरी वरचा भाग कापायचा, १९ने गुणायचा, खालच्या भागात मिळवायचा. स्वस्त फोनलाही हे क्षणात जमते. दुर्गम तालुक्यात दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेल्या फोनवरही महागड्या फोनइतकीच पक्की गुप्तता मिळते, याचे बरेचसे श्रेय त्या १९ला आहे.

मग १९ तरी कशाला, सरळ १ वजा करून मूळ संख्या मिळाली असती तर आणखी बरे नव्हते का? २च्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातल्या मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचे नाव आहे. त्या फार विरळ असतात. १२७व्या घाताला एक सापडते आणि त्यानंतरची थेट ५२१व्या घाताला. मधल्या सगळ्या पट्ट्यात एकही नाही. १२७ सुरक्षेला अपुरी, ५२१ कामाला जड. गरज होती नेमकी मधल्या जागी, आणि तिथे निसर्गाने काही ठेवलेच नव्हते, म्हणून १९वर भागवावे लागले.

नुसत्या आनंदासाठी म्हणून हिचा आणखी एक गुण सांगतो. तिला ४ने भागले तर बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. ७३ म्हणजे ६४ अधिक ९. ९७ म्हणजे ८१ अधिक १६. ७१ला ४ने भागल्यावर ३ उरतात, म्हणून दोन पूर्ण वर्ग मिळवून ७१ कधीच होत नाही. हवे तर करून पाहा. आपल्या ७७ अंकी संख्येलाही असे दोन वर्ग आहेत. फोनला त्यांची गरज पडत नाही. ते आहेत एवढेच.

आता ही संख्या गुपित कसे राखते ते पाहू. तेंदूच्या पुडक्यावरच करून बघता येईल. समजा ७० पानांवर १ ते ७० असे आकडे टाकले. १पासून सुरुवात करा, दर वेळी ७ने गुणा आणि ७१च्या वर गेले की ७१ने भागून बाकी घ्या. ७, मग ४९, मग ५९, ५८, ५१, २, १४, २७... उड्या वेड्यावाकड्या दिसतात. पण ७० उड्यांत प्रत्येक पानावर बरोबर एकदा पाय पडतो. एकही पान सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. ७१ मूळ नसती तर हे कधीच जमले नसते.

दोन माणसांना सगळ्यांच्या देखत बोलून एक गुप्त आकडा ठरवायचा आहे. ७१ आणि ७ हे दोन्ही आकडे सगळ्या बाजाराला माहीत आहेत. पहिला मनात ५ धरतो, पाच उड्या मारतो, ५१वर पोचतो आणि ५१ मोठ्याने सांगतो. दुसरी मनात ८ धरते, आठ उड्यांनी २७वर पोचते आणि २७ मोठ्याने सांगते. आता पहिल्याने २७चा ५वा घात घेऊन ७१ने भागले तर बाकी २०. दुसरीने ५१चा ८वा घात घेऊन ७१ने भागले तरी बाकी २०. दोघांकडे २० आला आणि तो कुणीच उच्चारला नाही. ऐकणाऱ्याकडे ७१, ७, ५१ आणि २७ हे चारही आकडे आहेत, पण २०पर्यंत पोचायचे तर ५१ कितव्या उडीला येते हे त्याला शोधावे लागेल. इथे ७० पाने आहेत, म्हणून तो चहा संपायच्या आत शोधेल. ७७ अंकी संख्येत एकेक उडी मोजत गेला तर त्याला विश्वाचे वय पुरणार नाही.

ही युक्ती १९७६मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी प्रसिद्ध केली. फोन नुसत्या गुणाकाराऐवजी एका वक्ररेषेवरच्या बिंदूंवर उड्या मारतो. ही सुधारणा १९८५मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी वेगवेगळी सुचवली. सगळ्या फोनांत उडीची सुरुवातही एकाच जागेवरून होते, ज्या बिंदूचा क्ष निर्देशक ९ आहे तिथून. मूळ संख्या, वक्ररेषा आणि सुरुवात, तिन्ही जगजाहीर. गुप्त असते ती फक्त तुमच्या मनातल्या उड्यांची संख्या. व्हॉट्सॲपवर कुणाचीही माहिती उघडून एन्क्रिप्शनवर बोट ठेवले की ६० अंकांचा एक आकडा दिसतो. दोघांच्या जाहीर बिंदूंचा तो संक्षेप आहे. समोरासमोर बसून दोन्ही फोनांवरचा आकडा जुळतो का हे पाहिले की मध्ये कुणी तोतया बसलेला नाही याची खात्री होते. हे करताना मी अजून कुणाला पाहिलेले नाही.

ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली मूळ संख्या. दुसरी जात कुणालाच ठाऊक नसावी अशांची, आणि तिच्यासाठी बल्लारशाला यावे लागते.

बल्लारशाच्या लाकूड आगारात आलापल्लीकडच्या सागाचे लठ्ठे ओळीने मांडलेले असतात. देशभरचे व्यापारी इथे बोली लावतात. अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाची पहिली खेप २९ मार्च २०२३ला इथूनच समारंभपूर्वक निघाली. लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडाकडे पाहिले की त्यावर आकडे दिसतात आणि वनखात्याच्या हातोड्याचा ठसा दिसतो. या हातोड्याचे महत्त्व बाहेरच्याला पटकन कळत नाही. ठसा असलेले लाकूड कायदेशीर, नसलेले चोरीचे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात कलम ६३ मुद्दाम यासाठी आहे. लाकडावरची खूण बनावट केली किंवा खोडली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे हाच हातोडा. ठसा कुणीही पाहून ओळखावा, पण उमटवता मात्र ज्याच्या हाती हातोडा आहे त्यालाच यावा. फरक इतकाच की लोखंडी हातोड्याची नक्कल लोहार करू शकतो. आकड्यांच्या हातोड्याची नक्कल करायला एका प्रचंड संख्येचे अवयव पाडावे लागतात.

त्याचे यंत्र असे. दोन मूळ संख्या घ्यायच्या आणि गुणायच्या. ७१ गुणिले ७३ म्हणजे ५१८३, हे कुणीही करेल. पण नुसते ५१८३ समोर ठेवून अवयव विचारले तर कागद-पेन घेऊन बसावे लागते. १९७७मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी यावर स्वाक्षरीची पद्धत उभारली. गुणाकार जाहीर करायचा, दोन अवयव स्वतःपाशी ठेवायचे. आज आपल्याकडे ही पद्धत सर्रास २०४८ बिटांची असते. गुणाकार ६१७ अंकी, अवयव प्रत्येकी सुमारे ३०९ अंकी. १५ रुपये भरून काढलेल्या डिजिटल सातबाऱ्यावरची स्वाक्षरी, ई-लिलावातली बोली, ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून दिलेले पैसे, या सगळ्यांमागे असे गुणाकार उभे आहेत. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात रोजगार हमीची मजुरी काढायला म्हातारी अंगठा लावते, तेव्हा तो ठसा ज्या पाकिटात बंद होऊन जातो त्याची किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या गुणाकाराने झाकलेली असते.

हातोडा कुणाच्या हातात, हा प्रश्न या जिल्ह्यांत नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना वनखाते देईना. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी चिकाटी सोडली नाही. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्या दिवसापासून मेंढ्याच्या बांबूवर सही चालते ती मेंढ्याचीच. ग्रामसभांच्या इतिहासात हा दिवस मोठा का, हे ज्याला कळते त्याला डिजिटल स्वाक्षरीचे मर्म वेगळे समजावावे लागत नाही.

आणि तिचे दुखणेही समजावावे लागत नाही. सरपंचाची डिजिटल सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. ३०९ अंकी दोन मूळ संख्या त्याच्या पोटात कोंडलेल्या. जगातले सगळे संगणक एकत्र लावले तरी त्या बाहेर काढता येणार नाहीत. पण अनेक गावांत तो डोंगल सरपंचाच्या घरी नसतोच. तो कचेरीतल्या टेबलाच्या कप्प्यात असतो आणि त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर. सरपंच बाई असेल तर बहुधा असेच. म्हातारीच्या अंगठ्याचेही तसेच. पाकीट अभेद्य, पण पलीकडे बसलेल्याने व्यवहार झाला नाही असे सांगून पैसे ठेवून घेतले तर गणित काय करणार? आयुष्यभर कुऱ्हाड-विळा धरून बोटांच्या रेघा झिजल्या आणि यंत्राने ठसा नाकारला, तर तिथेही ते हतबल आहे. सुरक्षेच्या जाहिरातींत या गोष्टी येत नाहीत. मला मूळ संख्यांचे कौतुक आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर खपवले जाणारे भलते दावे मला खटकतात.

पुन्हा संख्यांकडे येऊ. प्रत्येक डोंगलला नव्या दोन ३०९ अंकी मूळ संख्या लागतात. त्या येतात कुठून, आणि संपणार नाहीत का? मूळ संख्यांना अंत नाही हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. आपल्या गरजेपुरता हिशेबही दिलासा देणारा आहे. २च्या १०२४व्या घाताच्या आसपास सरासरी ७१० संख्यांमागे एक मूळ असते. सम संख्या आधीच वगळल्या तर ३५५मागे एक. म्हणजे अंदाधुंद विषम संख्या उचलत गेलो तर काही शे प्रयत्नांत काम होते. अशा संख्या एकूण किती, तर १च्या पुढे ३०० शून्ये मांडूनही पुरत नाहीत.

या विखुरण्याचा वेध घेण्याच्या नादात आपल्यातला एक मोठा माणूस अडकला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातले कोसबें. वाचकांना ते इतिहासकार म्हणून माहीत आहेत; जुन्या नाण्यांची वजने करून संख्याशास्त्राने काळ ठरवणारे. पण पोटापाण्याचा आणि जिवाचा विषय गणित. १९४५पासून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करत. मूळ संख्यांची गर्दी संभाव्यतेच्या नियमांनी वागते, या वाटेने आपण मूळ संख्यांच्या विखुरण्याविषयीच्या रीमानच्या प्रसिद्ध अनुमानाच्या सिद्धतेपर्यंत पोचलो असे त्यांना वाटले. १९५९मध्ये त्यांनी तो निबंध कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापला. संख्याशास्त्रज्ञ तो वाचणार आणि अंकगणिती चकित होणार, अशी ती जागा. सिद्धता कुणी मानली नाही. १९६२मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. पुढचे काही निबंध त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने लिहिले. १९६६मध्ये ते गेले तेव्हा मूळ संख्यांवरचे त्यांचे पुस्तक प्रकाशकाकडे रवाना झालेले होते. ते छापून आले नाही. सिद्धता चुकली, पण त्यांचा रोख चुकला असे म्हणवत नाही. मूळ संख्या बारकाईने पाहिल्या तर काटेकोर आणि लांबून पाहिल्या तर नशिबाने पेरल्यासारख्या दिसतात, आणि डोंगलमधले यंत्र नेमके याच दुसऱ्या गुणावर विसंबून अंदाधुंद संख्या उचलते.

उचललेली संख्या मूळ आहे हे ठरवायचे कसे? सगळ्या लहान संख्यांनी भागून पाहणे अशक्य. ३०९ अंकी संख्येसाठी त्या भागाकारांची संख्याच १५०हून जास्त अंकी भरेल. मदतीला येतो सतराव्या शतकातला फर्मा. मूळ संख्येपेक्षा एकने कमी इतका २चा घात घ्या आणि त्या मूळ संख्येने भागा, बाकी १ उरते (फक्त २चा अपवाद). ७साठी: २चा ६वा घात ६४, ७ने भागून बाकी १. ९साठी: २चा ८वा घात २५६, ९ने भागून बाकी ४. म्हणजे ९ मूळ नाही, आणि हे तिचे अवयव न शोधताच कळले. इथेच सगळ्या खेळाचे रहस्य आहे. संख्या मूळ आहे की नाही हे सांगणे सोपे. नसेल तर कशी फुटते हे सांगणे अवघड. फर्माच्या कसोटीत थोडे लबाड निसटतात, उदाहरणार्थ ३४१, म्हणजे ११ गुणिले ३१. म्हणून गॅरी मिलर आणि मायकेल राबिन यांनी सुधारलेली कसोटी वापरतात. तिच्या एका फेरीत संयुक्त संख्या सुटण्याची शक्यता जास्तीत जास्त एक-चतुर्थांश. अशा अनेक फेऱ्या झाल्या की शंकेला जागा राहत नाही.

शंका अजिबात नको असेल तर कानपूरला जावे लागते. ऑगस्ट २००२मध्ये तिथल्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी वाजवी वेळात पूर्ण खात्रीने निकाल देणारी पद्धत शोधली. शतकानुशतके रखडलेला प्रश्न, आणि उत्तर थोडक्या पानांत. गंमत अशी की फोन आणि डोंगल ती वापरत नाहीत. राबिनची कसोटी वेगवान आहे आणि तिची उरलेली शंका यंत्र बिघडण्याच्या शक्यतेहूनही लहान.

खरा धोका निघाला दुसरीकडेच. २०१२मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरचे लाखो जाहीर गुणाकार गोळा करून तपासले. काही यंत्रे अंदाधुंद संख्या उचलताना पुरेशी अंदाधुंद नव्हती. दोन वेगळ्या यंत्रांनी एक अवयव सारखाच उचलला होता. मग काय होते ते पाहा: १४३ आणि २२१ या दोन संख्या स्वतंत्रपणे फोडायला वेळ लागेल, पण त्यांचा मसावि काढला की लगेच १३ मिळतो आणि दोन्ही उघड्या पडतात, ११ गुणिले १३ आणि १३ गुणिले १७. मसावि म्हणजे पाचवी-सहावीचे गणित. ६१७ अंकी संख्यांचाही मसावि क्षणात निघतो. अशा हजारो किल्ल्या उघड्या पडल्या.

हे झाल्यावर विक्रमी मूळ संख्यांकडे पाहावे. आज माहीत असलेली सर्वांत मोठी आहे २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १. ल्यूक ड्युरंट या अमेरिकी तरुणाने भाड्याच्या ग्राफिक्स प्रोसेसरांचे जाळे अनेक देशांत पसरून ती शोधली. १२ ऑक्टोबर २०२४ला ती पक्की ठरली. अंक ४,१०,२४,३२०. दिवाळी अंकाच्या एका पानावर ४००० अंक कोंबले तरी १० हजारांहून जास्त पाने लागतील. बातम्या हिच्याच येतात. पण कामाची म्हणाल तर ही शोभेची आहे. इतकी मोठी आणि इतकी प्रसिद्ध संख्या कुठल्याच कुलपात चालत नाही. राबणाऱ्या मूळ संख्यांना नाव नसते. डोंगलमध्ये त्या एकदा जन्मतात आणि मुदत संपल्यावर कुणालाही न कळता जातात.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. मोठा गुणाकार फोडणे अवघड आहे, हे कुणी सिद्ध केलेले नाही. आजवर कुणाला जमले नाही, एवढाच आधार. फेब्रुवारी २०२०मध्ये २५० अंकी गुणाकार फुटला, त्याला एका संगणक-गाभ्याची सुमारे २७०० वर्षे भरतील इतके काम लागले. ६१७ अंकी त्याहून फार लांब आहे. पण १९९४मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर अवयवही फुटतील आणि २च्या २५५व्या घातावरच्या उड्याही मोजता येतील. असा संगणक आज नाही. पण आज झाकलेले संदेश साठवून ठेवून पुढे उघडणारे असू शकतात, म्हणून तयारी सुरू झाली. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या पद्धती जाहीर केल्या. त्यांतली किल्ली ठरवण्याची पद्धत ज्या मूळ संख्येवर उभी आहे ती फक्त चार अंकी आहे: ३३२९. ती निवडण्यामागेही तोच साधा हिशेब. तिच्यातून १ वजा केला की ३३२८, म्हणजे २५६ गुणिले १३, आणि २५६ने भाग जात असला की यंत्राचे गुणाकार झपाट्याने होतात. आधी ७६८१ घेतली होती. लहान संख्येवर भागते असे दिसल्यावर ती बदलली.

सिग्नल या ॲपने सप्टेंबर २०२३पासून नव्या संभाषणाची सुरुवात करताना दोन्ही पद्धती एकदम वापरायला घेतल्या. चोराला आत यायचे तर दोन्ही फोडाव्या लागतील. ७७ अंकी जुनी संख्या काढून टाकलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. नव्या पद्धतीवर अजून फार थोड्या लोकांनी फार थोडी वर्षे डोके आपटले आहे. २च्या २५५व्या घातातून १९ वजा करून जे उरते त्यावर २००६पासून सगळे जग आपटते आहे.